सिंदी म्हणजे कुठली सिंदी?

वर्धा जिल्ह्यात गावाचं नाव कंसाशिवाय पूर्ण होत नाही. सिंदी (मेघे) वर्धा शहराला चिकटलेली, तर सिंदी (रेल्वे) सेलू तालुक्यात, नागपूरच्या लोहमार्गावर. तळेगाव (श्यामजीपंत) आष्टी तालुक्यात, तळेगाव (टालाटुले) वर्धा तालुक्यात. आपलं कारंजा (घाडगे), वाशीमचं कारंजा (लाड). सावंगी, बोरगाव, उमरी, पिपरी, सगळ्यांच्या मागे मेघे. रोजच्या बोलण्यात हे कंस कुणी उच्चारत नाही. ऐकणारा इथलाच असतो, त्याला कळतं. पण रुग्णवाहिकेच्या १०८ चं नियंत्रण केंद्र पुण्यात आहे, आणि पोलिसांच्या ११२ चं मुख्य केंद्र नवी मुंबईत व दुसरं नागपुरात. “सिंदीहून बोलतो, लवकर या” एवढंच तिथल्या कानावर पडलं, तर गाडी कुठल्या सिंदीला पाठवायची?

या प्रश्नावरून आमच्या घरात दोन तट आहेत. मामा भूमी अभिलेख खात्यात होते. शंकू-साखळीने शेतं मोजायला त्यांनी सुरुवात केली आणि उपग्रहाशी बोलणारे रोव्हर मोजणीत आले तेव्हा ते निवृत्त झाले. ताईने काही वर्षं पुण्यात आपत्कालीन फोन घेण्याचं काम केलं. आता ती वर्ध्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. मामांचा भरवसा अक्षांश-रेखांशावर, ताईचा शब्दांवर. दोघांनीही हा विषय अंगावरून जाऊ दिलेला नाही, त्यात वर्षं घातली आहेत. म्हणून त्यांचं बोलणं फाटे तेवढे छाटून इथे देतो आहे.

ताई : मामा, घाबरलेला माणूस पत्ता सांगतच नाही. तो वाट सांगतो. “पांधनीनं या जी, डीपीपासून डाव्या हाताले वया, धुऱ्यावर बोरीचं झाड हाय.” समोर बापाला मण्यार चावलेली असते, हातात बॅटरी असते, आणि आपण त्याला म्हणायचं, अक्षांश सांगा?

मामा : आणि तीन शब्द सांगा म्हटलं तर सांगेल?

ताई : सांगेल. शब्द तोंडात बसतात, आकडे बसत नाहीत. ‘व्हॉट थ्री वर्ड्‌स’वाल्यांनी हेच ओळखलं. मराठीतसुद्धा काढलं त्यांनी ते. शेतकऱ्याने फोनवर ते उघडायचं, दिसलेले तीन शब्द वाचायचे, संपलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात डरहॅमकडच्या हॅमस्टर्ली जंगलात काही माणसं अंधारात वाट चुकली होती. फोन घेणाऱ्याने त्यांना हे ॲप उतरवून घ्यायला सांगितलं, त्यांनी तीन शब्द वाचून दाखवले आणि बचाव पथक थेट तिथे पोहोचलं.

ही पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. २०१३ साली लंडनमध्ये ही कंपनी सुरू झाली. तिने सगळ्या पृथ्वीवर तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद अशा चौकटी आखल्या. जमीन आणि समुद्र धरून सुमारे ५७ लाख कोटी चौकटी होतात. प्रत्येक चौकटीला तीन शब्दांचं एक नाव. इंग्रजीत त्यासाठी सुमारे ४०,००० शब्द पुरतात, कारण तेवढ्या शब्दांच्या तिहेरी जोड्या ६४ लाख कोटी होतात. मराठीतली नावं इंग्रजी नावांची भाषांतरं नाहीत. मराठीची शब्दयादी वेगळी आहे. एकाच बांधाच्या कोपऱ्याला इंग्रजीत तीन शब्द आणि मराठीत भलतेच तीन शब्द, असा हा प्रकार आहे.

मामा : हॅमस्टर्लीचं सांगितलंस, आता पुढचं मी सांगतो. त्याच देशातल्या डोंगरी बचाव पथकांच्या संघटनेने २०२१ मध्ये यादी काढली. वर्षभरात ४५ वेळा त्यांना आलेले तीन शब्द चुकीचे निघाले. माणूस इंग्लंडच्या डोंगरात आणि शब्द दाखवतात परदेशातली जागा. एखादा अक्षरफेर, एखादं अनेकवचन, एखादा चुकीचा ऐकलेला शब्द. इंग्रजीत ही गत, तर आपल्याकडे बघ. तू आत्ताच म्हणालीस, “डाव्या हाताले वया.” आमच्या माणसाच्या तोंडी ‘ळ’ येतो कुठे? डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते. ‘ण’चा ‘न’ होतो. पुण्यातल्या मुलीने ‘माळ’ ऐकायचं, की ‘माल’, की ‘माय’?

ताई : लिहून पाठवता येतं.

मामा : लिहून पाठवता येत असेल, तर शब्दांची गरज काय? मग आकडेच पाठव. शब्दांचा सगळा फायदा तोंडी बोलण्यात आहे म्हणतेस ना, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

ताई : तुमचे आकडे तोंडी चालतात?

मामा : चालतात. एकेक आकडा सुटा सांगायचा. फोन नंबर कसा सांगतो आपण? नाइन एट टू टू. अठ्ठ्याण्णव, बावीस असं आता कोण म्हणतं?

मामांच्या या उत्तरात मराठीची एक जुनी अडचण आहे. आपल्या संख्यांमध्ये एकक आधी आणि दशक नंतर. सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याहत्तर घाईत ऐकले की उलटसुलट होतात, आणि वर्धा जिल्ह्याचा जवळपास सगळा पसारा नेमका अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या पुढे आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. मला तो बदल तेव्हाही समजण्यासारखा वाटला होता, आजही वाटतो. असो. फोनवर आकडे सांगताना लोकांनी स्वतःच इंग्रजी सुटे आकडे धरले आहेत, त्याचं कारण हेच असणार.

ताई : बरं, सुटे आकडे सांगितले. पण तुमच्या आकड्यांचं रूप तरी एक आहे का? एक फोन दाखवतो २०.७४५३, ७८.६०२२. दुसरा तीच जागा दाखवतो २० अंश ४४ मिनिटं ४३ सेकंद, ७८ अंश ३६ मिनिटं ८ सेकंद. ही वर्धा शहरातली एकच जागा. आता घाईत कुणी ‘अंश’, ‘मिनिटं’ गाळून २०.४४४३, ७८.३६०८ असं टिपून घेतलं, तर गाडी कुठे जाईल? मी नकाशावर बघून ठेवलंय. यवतमाळ जिल्ह्यात, कळंबजवळ. वर्धा नदीच्या पलीकडे, सरळ रेषेत बेचाळीस किलोमीटर. हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांचं तर अंश आणि दशांश मिनिटं असं तिसरंच रूप असतं.

मामा : ते खरं आहे. मोजणीत आम्हीही त्यापायी मार खाल्लाय. त्यावर शिस्त लागते. एकच रूप ठरवायचं आणि बाकीची बंद करायची. पण एक गोष्ट लक्षात घे, बाई. आकड्यातलं शेपूट तुटलं तरी धड उरतं. तू मला नुसतं २०.७४, ७८.६० सांगितलंस आणि फोन कटला, तरी मी दीड किलोमीटरच्या आत येतो. पोलीस पाटलाला उठवतो, हाका मारतो, माणूस सापडतो. तीन शब्दांतला एक गेला की उरलेल्या दोघांचा उपयोग शून्य. शेजारच्या दोन चौकटींची नावं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. माझ्या चौकटीवरून तुझ्या चौकटीकडे जायचं तर उत्तरेला की दक्षिणेला, किती लांब, काही कळत नाही. आकड्यांची वजाबाकी होते. शब्दांची होत नाही.

ताई : पण म्हणूनच तर चूक उघडी पडते! माणूस म्हणतो आर्वीहून बोलतोय आणि शब्द दाखवतात ब्राझील. फोन घेणारीला लगेच कळतं की ऐकण्यात गडबड झाली. ती पुन्हा विचारते. तुमच्या आकड्यात तिसरा दशांश चुकला तर शंभरेक मीटर, दुसरा चुकला तर एक किलोमीटर. कुणाला संशय येत नाही. गाडी शेजारच्या शिवारात जाऊन उभी राहते आणि ड्रायव्हर म्हणतो, इथे तर कुणीच नाही. मामा, मोठी चूक परवडते. छोटी चूक माणूस मारते.

मामा काही क्षण गप्प होते. या मुद्द्याला त्यांनी आजवर उत्तर शोधलं नव्हतं, हे मला दिसत होतं. ताईचं म्हणणं पोकळ नाही. सारख्या वाटणाऱ्या जोड्या मुद्दाम दूरदूर ठेवल्या आहेत, असाच त्या कंपनीचाही दावा आहे. फक्त तो पूर्ण खरा नाही. २०२१ मध्ये अँड्र्यू टिअर्नी या सुरक्षा-संशोधकाने त्यांची पद्धत उलगडून पाहिली आणि एकमेकांपासून थोड्याच अंतरावर असलेल्या, घोटाळा होईल अशा अनेक जोड्या दाखवून दिल्या. म्हणजे छोटी चूक शब्दांतही होते. शिवाय ही पद्धत कंपनीच्या मालकीची. त्याच वर्षी तिची मोकळी नक्कल इतरांना देऊ करणाऱ्या एका अभ्यासकाला कंपनीने वकिलाची नोटीस पाठवली होती. माझ्या मते हा शब्द-आकड्यांपेक्षाही मोठा आक्षेप आहे. अक्षांश-रेखांश कुणाच्या बापाचे नाहीत. गावाचं नाव कुणाच्या मालकीचं नाही. जीव वाचवायच्या वेळी वापरायची भाषा एका दुकानात ठेवलेली असावी, हे मला पटत नाही.

मामांनी बाजू बदलून पाहिली.

मामा : हिंगणघाटला लॅम्बटनची कबर आहे, माहीत आहे ना?

ताई : तुम्ही दर दिवाळीला सांगता.

मामा : पुन्हा ऐक. विल्यम लॅम्बटन. १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून त्याने सगळ्या हिंदुस्थानची त्रिकोणी मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून, बैलांवरून नेत अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आजूबाजूने तो उत्तरेकडे सरकत आला. हैदराबादहून नागपूरला निघाला होता. १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला मेला. सत्तरीच्या घरातला म्हातारा. पुढचं काम एव्हरेस्टने नेलं. आज तुझ्या फोनवर जो बिंदू उमटतो ना, त्या विद्येचा इथला पहिला मास्तर आपल्या जिल्ह्याच्या मातीत आहे. दोनशे वर्षं झाली, त्याचे आकडे अजून वापरता येतात. कारण ते पृथ्वीच्या मापाला बांधलेले आहेत. तुझी शब्दांची कंपनी दोनशे वर्षं राहील?

ताई : न राहो. आज रात्रीपुरती राहिली तरी मला चालेल. आणि मामा, लॅम्बटनसुद्धा डोंगरावर चढल्यावर खालच्या माणसाला हेच विचारत असणार, बाबा, या गावाचं नाव काय?

मामा : विचारत होता. नकाशावर नाव लिहायचं ते गावकऱ्याला विचारूनच. आम्हीही तसंच करतो. टिपणात आकडे आणि बाजूला शेतकऱ्याने सांगितलेली खूण. पण नावावर विसंबता येत नाही, म्हणून तर पिनकोड आला. तो कुणी काढला? श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. मराठी माणूस, संस्कृत कवी, आणि टपाल खात्यात अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची गावं, हरेक भाषेतली अक्षरं, वाचता न येणारे पत्ते. एवढ्या गोंधळातून शब्दांवर जीव असलेल्या माणसाने सहा आकडे काढले. ४४२००१ म्हटलं की वर्धा, मग लिहिणारा तमिळ असो की बंगाली.

ताई : पिनकोडने पत्र पोहोचतं, ॲम्ब्युलन्स नाही. ४४२००१ मध्ये केवढं गाव आहे!

मामा : म्हणूनच आता डिजिपिन आला आहे.

इथे मामांनी खिशातून चष्मा काढला, म्हणजे आता तयारीचा मुद्दा येणार. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने डिजिपिन जाहीर केला. सगळा देश एका मोठ्या चौकोनात बसवायचा, त्याचे सोळा भाग करायचे, प्रत्येक भागाला एक चिन्ह द्यायचं. मग त्या भागाचे पुन्हा सोळा. असं दहा वेळा केलं की साधारण चार मीटरची चौकट मिळते आणि तिची दहा चिन्हांची खूण तयार होते. कुणीही वापरावी, कुणाची परवानगी नको, पैसे नकोत. मूळ सूत्र खुलं आहे. मामांनी आपल्या वहीत जिल्ह्याच्या खुणा काढून ठेवल्या होत्या. वर्धा, सेवाग्राम, पुलगाव, आर्वी या सगळ्यांची सुरुवात ३पीपी. हिंगणघाटची ३पीटी.

मामा : बघ, आकड्यांचा गुण यात आहे. शेपूट तुटलं तरी धड उरतं. आणि तुझी अंश-मिनिटांची भानगड नाही. शून्य आणि एक नाहीत, ओ आणि आय नाहीत. सारखं दिसणारं काढून टाकलंय.

ताई : मामा, जरा मोठ्याने वाचा. वर्ध्याची काय?

मामा : थ्री पी पी.

ताई : आणि हिंगणघाटची?

मामा : थ्री पी टी.

ताई : आता मागे पिठाची गिरणी चालू आहे, पाऊस पडतोय आणि फोनला एक काडी रेंज आहे असं समजा. पी की टी?

ताईने मग वहीतली सगळी चिन्हं तपासली. एकंदर सोळा : दोन ते नऊ हे आठ आकडे आणि सी, जे, के, एल, एम, पी, एफ, टी ही आठ अक्षरं. सी, पी, टी कानाला एकच. जे, के जवळपास एक. एल, एम, एफ फोनवर ओळखायला अवघड. ज्यांनी ही चिन्हं निवडली त्यांनी डोळ्याला फसवणारं टाळलं, कानाला फसवणारं राहिलं. हा दोष मला फार गंभीर वाटतो, कारण संकटातला पत्ता आधी कानावर पडतो.

आणि चूक झाली तर गाडी कुठे जाईल, याचा हिशेब दोघांनी मिळून केला. मामांनी पेन्सिल घेतली आणि ताईने प्रश्न विचारले. वर्ध्याच्या खुणेतल्या दुसऱ्या चिन्हाचं पी ऐवजी सी झालं तर राजस्थानात अलवरकडे. तिथेच टी झालं तर छत्तीसगडात राजनांदगावच्या बाजूला. इतकी मोठी चूक कुणाच्याही लक्षात येईल. तिसऱ्या चिन्हात पी चं टी झालं तर पूर्वेला अठ्ठावन्न किलोमीटर. म्हणजे पुलगावचा अपघात वर्ध्याच्याही पुढे सेलडोहच्या दिशेने जातो, पण विदर्भातच राहतो. त्यापुढे पाचव्या जागी पी असेल आणि तो टी ऐकला गेला तर साडेतीन किलोमीटरच्या वर, सहाव्या जागी जवळपास एक किलोमीटर. गावाचं नाव तेच, तालुका तोच, आणि माणूस तिथे नाही.

ताई : हीच ती छोटी चूक.

मामा : मग आधारसारखा तपासणीचा आकडा हवा होता. आधारच्या बारा आकड्यांत शेवटचा तेवढ्यासाठीच असतो. एक आकडा चुकला तर यंत्र लगेच नाही म्हणतं. डिजिपिनची दहाही चिन्हं जागा दाखवण्यात खर्ची पडली, पहारेकरी एकही ठेवला नाही.

ताई : पहारेकरी आहे. गावाचं नाव. फोन घेणारीने डिजिपिन लिहिला, यंत्राने तो सिंदी (मेघे)च्या शिवारात दाखवला, आणि शेतकरी म्हणाला सिंदी रेल्वे, की तिने थांबायचं. दोन्ही जुळले तरच गाडी सोडायची. मी नुसत्या तीन शब्दांसाठी भांडत नव्हते, मामा. माणसाच्या तोंडून निघणाऱ्या नावाला तुम्ही कचऱ्यात टाकू नका, एवढ्यासाठी भांडत होते.

मामा : कोण टाकतंय? मी म्हणतो, नाव एकटं पाठवू नका.

इथवर दोघं एकमेकांच्या बरेच जवळ आले होते, पण माझ्या मनातला प्रश्न वेगळाच होता. जो बोलूच शकत नाही त्याचं काय? जानेवारी २०२२ मध्ये रात्री वर्धा-देवळी रस्त्यावर सेलसुऱ्याजवळ गाडी पुलावरून खाली कोसळली आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयातले सात विद्यार्थी गेले. त्या बातमीने हललं नाही असं जिल्ह्यात एकही घर नसेल. त्यातल्या कुणी तीन शब्द किंवा दहा चिन्हं सांगितली असती असं म्हणणं क्रूर आहे. अशा वेळी गाडीनेच बोलायला हवं. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या बनावटीच्या मोटारींना ही सोय सक्तीची आहे : धडक जबर बसली की गाडी स्वतः आपत्कालीन क्रमांक लावते आणि स्वतःची जागा कळवते. फोनचंही तसंच. ब्रिटनमध्ये २०१४ पासून आपत्कालीन क्रमांक लावला की फोन आपण होऊन आपली जागा केंद्राला पाठवतो. बोलणाऱ्याला काही करावं लागत नाही. आपल्या देशात उत्तर प्रदेशाने ११२ ला ही सोय जोडून घेतली आहे. महाराष्ट्राने ती १०८ आणि ११२ दोन्हींना जोडावी. ठिकाण सांगण्याचं ओझं जखमी माणसाच्या डोक्यावरून उतरवणं ही सरकारची जबाबदारी आहे, आणि या बाबतीत दिरंगाईला माझ्याकडे सहानुभूती नाही.

ताईला हे मान्य आहे. मामांना अर्धंच.

मामा : फोनला रेंज नसेल तर? बोरच्या जंगलाकडच्या गावांत जा, एक काडी येते आणि जाते. शिवाय फोन पाण्यात पडतो, बॅटरी संपते. जमिनीवर लिहिलेलं असेल ते तेवढं खरं.

ताई : खुणा पुरात बुडतात. वणा नदीला पूर आला की पांधण कुठली आणि धुरा कुठला? तेव्हा तुमचा उपग्रहच कामाचा. पण एरवीचं म्हणाल तर खरं आहे. समृद्धीवर मला फोन आला असता तर मी एकच विचारलं असतं, बाजूच्या पाटीवर काय लिहिलंय?

समृद्धी महामार्ग हा या वादातला सोपा भाग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि वर्धा जिल्ह्यातून येळाकेळी, विरूळ असा तो धावू लागला. दोन्ही बाजूंना कुंपण, गाव दूर, विचारायला माणूस नाही. तिथे किलोमीटरची पाटी हाच पत्ता. रेल्वेवाले तर पिढ्यान्‌पिढ्या किलोमीटर आणि त्यापुढे खांबाचा क्रमांक एवढ्यावर मदतगाडी अचूक जागी नेतात. वनखात्याचा रक्षक ‘कक्ष क्रमांक’ सांगतो. म्हणजे जिथे जिथे जमिनीवर आकडा रंगवलेला आहे, तिथे शब्द की आकडे हा वादच उरत नाही. वाद आहे तो पांधणीचा, शेतात जाणाऱ्या वाटेचा. कापूस-सोयाबीनच्या हंगामात साप चावतो तो पांधणीच्या पलीकडे, वीज पडते ती तिथे, ट्रॅक्टर उलटतो तो तिथे, आणि पांधणीला पाटी नसते.

मग त्या दोघांनी पाटीवर काय असावं हे ठरवायला घेतलं. आमच्या शेतातल्या पंपघराच्या भिंतीपासून सुरुवात करायची. वर मौज्याचं नाव कंसासकट, त्याखाली सर्व्हे नंबर, त्याखाली डिजिपिन ठसठशीत, चार-चार बोटं उंच अक्षरांत. डीपीच्या खांबावर आणि पांधण सडकेला मिळते तिथे हेच. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर एका गावाला रंगाचे दोन-तीन डबे पुरतील. अडलं ते पी आणि टी पाशी. पाटीवर लिहिलेलं वाचायलाच तर लागणार, आणि ते फोनवरूनच वाचलं जाणार.

ताई : विमानवाले काय करतात? अल्फा, ब्राव्हो, चार्ली. १९५६ पासून जगभर तेच चालू आहे. अक्षराला एक शब्द बांधून टाकायचा. मग तो शब्द ऐकू आला की अक्षर कळलं.

मामा : म्हणजे शेवटी माझ्या आकड्यांना तुझे शब्द लागले.

ताई : तुमच्या खुणेत आठच अक्षरं आहेत, आठच शब्द हवेत. लहानपणी शिकलोय की, क कमळाचा, ग गणपतीचा. तसंच. पी पतंगाचा.

मामा : पी पतंगाचा, टी टोपीचा, सी सीतेचा. चालतंय. के?

ताई : के केळीचा.

मामा : केयी होईल तिची.

ताई : मग केसर. के केसराचा. जे जत्रेचा, एम मक्याचा, एल लसणाचा.

मामा : लसूण नको, ‘ण’ आहे त्यात. लगोरी घे. आणि एफ फणसाचा.

ताई : वर्ध्यात फणस कुणी पाहिलाय, मामा? फटाका लिहा. आणि आता तुम्ही पंपघरात जाऊन मोटर चालू करा, तिथून मला फोन लावा आणि आपली खूण वाचून दाखवा. मी इथे कागदावर लिहून घेते. एक जरी अक्षर चुकलं तर त्याचा शब्द बदलायचा.